ज्या वचनाखाली रेघ नाही, ते आधी वाचा

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुकलेल्या वेलांट्या आणि हरवलेले स्वल्पविराम शोधण्यात माझी तीस वर्षं गेली. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण माहेर कॅथलिक आणि सासर बाप्तिस्त, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यामुळे तारणावरचा, म्हणजे माणूस पापातून विश्वासानं सुटतो की कर्मांनीही, हा वाद मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकला.

माझे सासरे निवृत्तीनंतरही मंडळीत संदेश द्यायचे. आई आमच्याकडे राहायला आली की दोन दिवस सगळं सुरळीत चालायचं, तिसऱ्या दिवशी कुणीतरी याकोबाचं पत्र काढायचं. एका रात्रीचा संवाद मला जसाच्या तसा आठवतो. सासरे म्हणाले, "विहीणबाई, कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे! इफिसकर दोन, आठ आणि नऊ. आणखी काय हवं?" आई म्हणाली, "आणि याकोब दोन, चोवीस कुठं ठेवलंत तुम्ही? केवळ विश्वासाने नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय." दोघांनी आपापलं वचन तीनतीनदा म्हटलं, प्रत्येक वेळी जरा मोठ्यानं, आणि मग दोघंही झोपायला गेले.

दोन्ही बायबलं मेजावर उघडीच राहिली होती. एकाच मजकुराच्या दोन प्रती समोर आल्या की मी ताडून बघते, ही धंद्याची खोड. सासऱ्यांच्या प्रतीत इफिसकर 2:8 आणि 2:9 खाली लाल रेघ, तीही दोनदा ओढलेली. 2:10 कोरं. 'आपण सत्कृत्ये करावीत म्हणून' देवानं आपल्याला निर्माण केलं, हे सांगणारं तेच वचन. आईच्या प्रतीत याकोबाचा दुसरा अध्याय निळा निळा झालेला, आणि कर्मांनी नव्हे, विश्वासानं असं ठासून सांगणारं गलतीकरांस पत्र छापखान्यातून आलं तसं स्वच्छ.

वेगवेगळ्या मतांमधून वाट काढायची माझी पद्धत त्या रात्री सुरू झाली. ती कुणालाही वापरता येईल अशी आहे, म्हणून लिहिते.

आधी स्वतःची प्रत तपासा

तारणाविषयीची जी वचनं तुम्हाला तोंडपाठ आहेत ती एका कागदावर लिहा. मग प्रत्येकाच्या मागची आणि पुढची दहा वचनं वाचा. जिथे मन म्हणतं, 'हं, हे ठीक आहे, पुढे चला', तिथे थांबा. ते वचन वहीच्या वेगळ्या पानावर उतरवा. माझ्या वहीत या पानाला 'अडचणीची वचनं' असं नाव आहे. दुसऱ्या पंथाच्या अडचणीची वचनं लिहायला फार मजा येते. ती नंतर लिहा.

एक गोष्ट लक्षात असू द्या: अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे रॉबेर एस्तियेन या मुद्रकानं 1551 साली घातले. इफिसकरांस पत्र ज्याच्या नावावर आहे त्या पौलानं लिहिताना 8, 9, 10 असं काही मोजलं नव्हतं. इफिसकरांतली ती तीन वचनं एका दमात वाचली तर कर्मं कृपेचं कारण नाहीत, पण कृपेचा हेतू आहेत, असं सरळ दिसतं. सासऱ्यांचं मत त्यानं खोटं ठरत नाही. अपुरं मात्र दिसतं.

समोरच्याचं मत त्याच्याच कागदावरून वाचा

सासऱ्यांची खात्री होती की कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळवू पाहतात. आईची खात्री होती की प्रोटेस्टंट म्हणतात, एकदा विश्वास ठेवला की मग काहीही करा. मी दोन्हीकडची मूळ विधानं काढून वाचली आणि मला हसूच आलं.

कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मसभेनं जानेवारी 1547 मध्ये नीतिमान ठरण्याविषयी, म्हणजे माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो याविषयी, जो निर्णय दिला, त्याच्या पहिल्याच नियमात ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो, असं म्हणणाऱ्याचा धिक्कार आहे. म्हणजे सासरे ज्या मताशी भांडत होते त्याला रोमनं साडेचारशे वर्षांपूर्वीच बाहेरची वाट दाखवली होती. दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या अनुयायांनी 1530 मध्ये मांडलेल्या आउग्सबुर्ग कबुलीचं सहावं कलम म्हणतं की असा विश्वास चांगली फळं देणारच, आणि सत्कृत्यं केलीच पाहिजेत. आईचा 'काहीही करा' म्हणणारा प्रोटेस्टंट ल्यूथरच्या माणसांनाही मान्य नव्हता.

म्हणून वाद संपला का? नाही. 'सगळे शेवटी एकच सांगतात' हे वाक्य मला आळशीपणाचं वाटतं. त्याच त्रेंतच्या नवव्या नियमात 'केवळ विश्वासाने' हे सूत्र, माणसाच्या सहकार्याची काहीच गरज नाही अशा अर्थानं वापरणाऱ्याला दोषी ठरवलंय. 31 ऑक्टोबर 1999 रोजी कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी आउग्सबुर्गमध्येच एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूळ सत्यांवर एकमत आहे, उरलेल्या फरकांसाठी एकमेकांचा धिक्कार करायचं कारण नाही, असा तिचा आशय. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ 2006 मध्ये तिच्याशी सहमत झाला. पण फरक उरलेत हे त्या घोषणेतही लिहिलंय. समोरच्याचं मत तुम्ही असं मांडा की तो म्हणेल, 'हो, हेच माझं म्हणणं'. तोवर ते तोलायला घेऊ नका.

शब्द एकच आहे का, ते बघा

यात मी सगळ्यात जास्त रमते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रक्तस्रावानं बारा वर्षं पीडलेल्या बाईला येशू म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" (मार्क 5:34). त्याचे पाय अश्रूंनी भिजवणाऱ्या बाईला म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे" (लूक 7:50). मराठीत एक वाक्य दवाखान्यातलं वाटतं, दुसरं देवळातलं. ग्रीकमध्ये मात्र दोन्ही वाक्यं अक्षरशः सारखी आहेत, क्रियापद एकच: सोझो. वाचवणं, बरं करणं, तारणं, सगळं त्यात येतं. भाषांतरकारानं चूक केलेली नाही, प्रसंग पाहून शब्द निवडलाय. पण पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च तारणाकडे शिक्षामाफीपेक्षा आजारातून बरं होणं म्हणून का बघतं, हे मला त्या एका शब्दानं समजलं. त्यांचं लाडकं वचन 2 पेत्र 1:4, आपण 'दैवी स्वभावाचे भागीदार' व्हावं हे. माझ्या दोन्ही घरच्या प्रतींत त्याखाली रेघ नव्हती.

उलटंही होतं. पौल 'कर्मांवाचून' म्हणतो आणि याकोब 'क्रियांवाचून'. मराठी वाचकाला हे दोन वेगळे पदार्थ वाटतात. ग्रीकमध्ये शब्द एकच, एर्गा. म्हणजे मराठीत जो विरोध जरा मऊ झालाय, तो मुळात चांगलाच टोकदार आहे. तो सोडवायचा तर शब्दाच्या आडून सुटणार नाही, प्रसंग बघावा लागेल.

आणि 'नीतिमान ठरणे'. या 'ठरणे'कडे नीट बघा. मराठीत माणूस निर्दोष ठरतो तो न्यायाधीशापुढे. म्हणजे आपल्या भाषांतरानं नकळत एक बाजू घेतली आहे. लॅटिनमध्ये या शब्दाची फोड 'नीतिमान करणे' अशी होते, आणि पाश्चात्त्य चर्चचा थोर आचार्य ऑगस्टीन लॅटिन वाचत होता. पाश्चात्त्य चर्चनं हजारभर वर्षं शब्द असा ऐकला की देव माणसाला आतून बदलतो. सोळाव्या शतकात ग्रीक मजकूर पुन्हा हाती आला तेव्हा ल्यूथरसारख्या सुधारकांनी म्हटलं, नाही, हा कोर्टातला शब्द आहे, देव निकाल जाहीर करतो. त्यांच्या बाजूनं चांगला पुरावा लूक 7:29 मध्ये आहे: तिथे जकातदार देवाला 'नीतिमान ठरवतात'. माणसं देवाला आतून नीतिमान करत नसतात, तेव्हा तिथे अर्थ 'मान्य करणे' इतकाच असू शकतो. पण रोमकर 5:19 मध्ये पौल पुष्कळ जण नीतिमान 'होतील' असं दुसरंच क्रियापद वापरतो, आणि सहावा अध्याय संपूर्ण बदललेल्या जगण्याविषयी आहे. शब्दाच्या अर्थात सुधारकांचं पारडं मला जड वाटतं. पण पौलाचं अख्खं म्हणणं त्या एका शब्दात बसवायचं म्हटलं की आईचं पारडं वर उचलता येत नाही.

ल्यूथरविषयी एक गोष्ट माझ्या धंद्यातली. 1522 च्या जर्मन भाषांतरात त्यानं रोमकर 3:28 मध्ये 'केवळ' हा शब्द घातला. ग्रीकमध्ये तो नाही. ओरड झाली तेव्हा 1530 मध्ये त्यानं जाहीर उत्तर दिलं की जर्मन भाषेचा ओघच तो शब्द मागतो. मी त्याची मुद्रितं तपासत असते तर समासात प्रश्नचिन्ह केलं असतं. कारण नव्या करारात 'केवळ विश्वासाने' हे शब्द जोडीनं एकाच ठिकाणी येतात, आणि तिथे त्यांच्यापुढे 'नव्हे' आहे. ते ठिकाण म्हणजे आईचं याकोब 2:24. याचा अर्थ ल्यूथरचा सिद्धांत कोसळला असा नाही. सिद्धांत शब्दावर उभा नसतो, युक्तिवादावर असतो. पण शब्द कुणी घातला हे माहीत असलेलं बरं.

वचन कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतंय?

आता खुद्द त्या भांडणाकडे या. पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचं उदाहरण देतात आणि दोघंही उत्पत्ती 15:6 उद्धृत करतात. पण पौल थांबतो तो पंधराव्या अध्यायापाशी, सुंता होण्याच्या आधी; रोमकर 4:10 मध्ये तो हा क्रम मुद्दाम विचारतो. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या माणसाला देवाच्या लोकांत यायचं तर आधी मोशेचं नियमशास्त्र अंगावर घ्यावं लागेल का, हा त्याचा प्रश्न. याकोब जातो बाविसाव्या अध्यायात, इसहाकाला वेदीवर ठेवण्यापाशी. उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास खरा आहे का, हा त्याचा प्रश्न. त्याला खटकणारा विश्वास तर भुतांनाही असतो (2:19). पौल असल्या विश्वासाला विश्वास म्हणालाच नसता. गलतीकर 5:6 मध्ये तो 'प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास' म्हणतो.

हे मी दोघांना समजावून सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "मग याकोबही माझ्याच बाजूचा." आई म्हणाली, "मग पौलही माझ्याच." असो.

वहीत मी प्रत्येक वचनापुढे एक रकाना ठेवते: 'विचारणारा कोण, आणि त्याला काय हवंय?' तुरुंगाधिकारी घाबरून विचारतो, तारण व्हावं म्हणून मी काय करावं, आणि उत्तर येतं: प्रभू येशूवर विश्वास ठेव (प्रेषितांची कृत्ये 16:31). श्रीमंत तरुण जवळपास तेच विचारतो आणि उत्तर येतं: सगळं विकून टाक (मार्क 10:21). एकाच उत्तराचा ठसा करून सगळीकडे उठवला की गोंधळ सुरू होतो.

काळाचाही रकाना ठेवा, तो फार उपयोगी पडतो. इफिसकर 2:8 मध्ये तारण झालेलं आहे. 1 करिंथकर 1:18 मध्ये, ग्रीकप्रमाणे, ते होत आहे. रोमकर 5:9 मध्ये ते होणार आहे. 'तुमचं तारण झालंय का?' असं कुणी विचारलं की मला या तीन वचनांपैकी कुठलं सांगू असा प्रश्न पडतो. एक काळ धरून बाकी दोन विसरणारं मत ऐकायला छान वाटतं, तोलायला घेतलं की हलकं भरतं.

एकट्या वचनावर इमारत नको

हे झटपट सांगते. बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे असं दाखवायला लोक मार्क 16:16 काढतात. मार्कचा हा शेवट चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. म्हणून फक्त त्याच्यावर काही उभारू नका. पण बाप्तिस्म्याचा मुद्दा त्यानं निकालात निघत नाही, कारण प्रेषितांची कृत्ये 2:38 आणि 1 पेत्र 3:21 जागच्या जागी आहेत. उलट बाजूनं कर्नेल्य या परराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो, पाणी नंतर (प्रेषितांची कृत्ये 10). येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला बाप्तिस्मा मिळाला नाही हे खरं. पण मरायला टेकलेल्या माणसाच्या अपवादावरून धडधाकट माणसाचा नियम काढू नये, असं मला वाटतं. त्या चोराला येशू जे म्हणतो, 'मी तुला खचित सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' (लूक 23:43), त्यात आणखी एक गंमत आहे. 'आज' हा शब्द 'मी तुला सांगतो'कडे ओढायचा की 'तू माझ्याबरोबर असशील'कडे, यावर मतभेद आहेत, आणि जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती. बहुतेक भाषांतरं दुसरी बाजू घेतात, ती मला बरोबर वाटते: 'मी तुला खचित सांगतो' हे येशूचं नेहमीचं बोलणं आहे आणि इतर ठिकाणी त्याला 'आज' चिकटलेलं नाही. लेखकाची सवय बघून स्वल्पविराम लावायचा, हे आम्ही रोज करतो.

निवाडा कुणाचा?

इथवर आलात की कुणीतरी विचारेलच, 'आणि हे ठरवणारी तू कोण?' प्रश्न रास्त आहे. कॅथलिक म्हणतात, शास्त्र आणि परंपरा यांचा अधिकृत अर्थ चर्चनं लावायचा. ऑर्थोडॉक्स शास्त्राला परंपरेच्या आतच वाचतात. सुधारक म्हणाले, अंतिम अधिकार शास्त्राचा. पण परंपरा टाकून द्या असं काही ल्यूथर आणि दुसरा मोठा सुधारक कॅल्विन म्हणाले नव्हते, दोघंही ऑगस्टीनचे दाखले देऊन देऊन दमत नाहीत. मेथडिस्टांचा संस्थापक वेस्ली परंपरेला मान देत बुद्धी आणि अनुभवालाही साक्षीला बोलावतो. कुठल्याही वाटेनं गेलात तरी हजार-पंधराशे वर्षांत कुणालाही न सुचलेला अर्थ तुम्हाला एका संध्याकाळी सुचला, तर तो आठवडाभर कुणाला सांगू नका. माझे असे दोन शोध होते. दोन्ही पाचव्या शतकापूर्वीच कुणीतरी मांडून टाकून दिलेले निघाले.

जिथे सगळेच अडखळतात

काही वचनं सगळ्यांच्याच अडचणीच्या पानावर जातात. इब्री 6:4-6 हे त्यातलं. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. मिळालेलं तारण गमावता येतं असं मानणारे हे वचन आनंदानं पुढे करतात. पण 'अशक्य' या शब्दापाशी त्यांचीही वाचा बसते, कारण येशूला नाकारून परतलेला त्याचा शिष्य पेत्र समोर उभा असतो. तिसऱ्या शतकात छळाच्या भीतीनं विश्वास नाकारलेल्यांना परत घ्यायचं नाही म्हणणाऱ्या नोवाटियनच्या पंथानं याच वचनाचा आधार घेतला, आणि बाकीच्या चर्चनं त्यांचा अर्थ मानला नाही. तारण गमावता येत नाही म्हणणारे सांगतात की ही माणसं कधी खरी विश्वासणारी नव्हतीच. ते नवव्या वचनाकडे बोट दाखवतात आणि शेजारी योहान 10:28 ठेवतात, त्याच्या हातातून कुणी हिसकून घेणार नाही. मग 'पवित्र आत्म्याचे भागीदार' हे शब्द इतके भरभरून का, हे त्यांना समजावता येत नाही. तिसरा गट म्हणतो, इशारा हेच राखण्याचं साधन आहे. कड्यावरची पाटी वाचून लोक पडत नाहीत. मला हे बरं वाटतं. फक्त कधी कधी फारच सोयीचं वाटतं.

1610 साली आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी नेदरलँड्समध्ये पाच कलमं मांडली. त्यांच्यावरचं उत्तर कॅल्विनच्या वळणाच्या दोर्तच्या धर्मसभेनं 1618-19 मध्ये दिलं आणि तेव्हापासून आर्मिनियसवादी आणि कॅल्विनवादी अशा दोन फळ्या झाल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या मूळ पाचव्या कलमात विश्वासणारा अखेरीस गळून पडू शकतो की नाही, यावर ठाम शिकवण देण्याआधी शास्त्राचा आणखी शोध घ्यावा लागेल, असंच लिहिलं होतं. ठाम उत्तर नंतर आलं. ते कलम वाचलं तेव्हा मला ते लिहिणाऱ्यांविषयी आपुलकी वाटली.

सासरे गेल्यावर त्यांचं बायबल माझ्याकडे आलं. इब्रीच्या सहाव्या अध्यायाशी समासात पेन्सिलीनं काढलेलं लहानसं प्रश्नचिन्ह आहे. लाल शाईच्या माणसाची पेन्सिल मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

तेव्हापासून वहीतले निष्कर्ष मी पेन्सिलीनंच लिहिते, बाजूला तारीख टाकते, आणि वर्षातून एकदा काढून वाचते. कृपा पहिली, याची नोंद कधी खोडावी लागली नाही. इब्री सहाची आतापर्यंत चारदा खोडली. तिथला कागद आता इतका पातळ झालाय की मागच्या पानावरची अक्षरं दिसतात.